ओहोटीचं शिंग

आमच्या खारदेवळी गावात शिंग फुंकायला दोनच कारणं चालत. एक, माघी पौर्णिमेला देवीची पालखी उठते तेव्हा. दुसरं, खाडीचं पाणी बांध फोडून शेतात शिरतं तेव्हा. बांधाला खांड पडल्याचं शिंग कानावर आलं की हातातलं काम टाकायचं, पाटी-फावडं उचलायचं आणि बांधाकडे पळत सुटायचं. आजारी माणूससुद्धा अंथरुणातून उठून दाराशी यायचा. ह्या कायद्यावर आमची शेती टिकून होती, त्यामुळे तिसऱ्या कारणासाठी शिंगाला तोंड लावायची कुणाची छाती नव्हती.

आता मला सांगा, ज्या वाद्याला वर्षातून एकदाच हात लावायचा ते माणसाला वाजवता यायचं कसं? पण हा प्रश्न आमच्या गावाला कधी पडला नाही. शिंग धर्माच्या घरात होतं. धर्माच्या बापाला ते वाजवता यायचं, म्हणून धर्मालाही आलंच पाहिजे, असा सगळ्यांचा हिशेब. बाप पावसाळ्यात वारला. त्याने पोराला शिंग कसं पुसायचं, कसं खुंटीला टांगायचं, हे सगळं शिकवलं होतं. फुंकायचं तेवढं राहून गेलं.

धर्मा मिठागरावर कामाला होता. अंगाने थोराड, स्वभावाने मऊ. चारचौघांत बोलायची वेळ आली की बोलण्याआधी त्याला घाम फुटायचा. त्याची बायको ठमी दोघांच्या वाटचं बोलायची, आणि वर थोडं शिल्लक उरायचं.

मिठाच्या सत्याग्रहाच्या पुढच्या साली धर्माने पहिल्यांदा पालखीपुढे शिंग धरलं. विळ्यासारखं वाकलेलं ते पितळेचं शिंग त्याने चिंच लावून लखलखीत केलं होतं. माणसांनी पालखीला हात घातले, सगळा गाव गप्प झाला. धर्माने गाल फुगवले, डोळे मिटले आणि अंगातलं सगळं बळ लावून फुंकलं. आतून जे बाहेर पडलं ते ऐकून गोठ्यातल्या म्हशीने मान वर केली असेल. पोरं हसली, मग बाया हसल्या, मग पालखी धरलेल्यांचे खांदे हलायला लागले. देवी त्या वर्षी शिंगाशिवाय उठली. धर्मा जत्रा सोडून घरी गेला आणि जेवला नाही.

ठमीने त्याला तसा राहू दिला नाही. "शिका की मग! जल्मताच कोन शिकून येतं?" ती म्हणाली. धर्माला पटलं. पण शिकायचं कुठे?

फाल्गुनातल्या एका दुपारी तो शिंग गोणपाटात गुंडाळून बांधापलीकडच्या तिवरांच्या झाडीत शिरला. आवाज गावात जाऊ नये म्हणून त्याने शिंगाच्या तोंडात ठमीच्या जुन्या लुगड्याचा बोळा कोंबला. एकदा फुंकलं, काही झालं नाही. दुसऱ्यांदा फुंकलं, घशात खवखव झाली. तिसऱ्यांदा त्याने पाय रोवून फुंकलं, तेव्हा बोळा उडून चिखलात पडला आणि फाटका, घाबराघुबरा असा एक आवाज सगळ्या गावावरून निघून गेला.

मग काय विचारता! मिठागरातली माणसं फावडी घेऊन धावली. धर्माच्या शेजारची केसर भाकऱ्या थापत होती, ती पिठाच्या हातांनी धावली. कुणी पेंढ्याचे भारे आणले, कुणी दाराची फळी उपटून आणली. बुधाजीकाका, म्हणजे आमच्या बांधाचा कारभार पाहणारा म्हातारा, न्हाव्यापुढे बसला होता. तो अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून आला आणि त्याच्यामागे वस्तरा हातात घेऊन न्हावी.

बांध ठणठणीत होता. गंमत म्हणजे एवढ्या माणसांपैकी एकानेही धावताना खाडीकडे पाहिलं नव्हतं. पार ओहोटी लागलेली, पाणी मधल्या ओहळात जाऊन बसलेलं, बाकी सगळीकडे नुसता चिखल आणि चिखलावर खेकडे. खाडीकाठी जन्मलेली माणसं आम्ही, आणि ओहोटीत बांध फुटला म्हणून पळत आलो होतो! ह्याची लाज वाटली म्हणून की काय, सगळे धर्मावर जास्तच चिडले.

"खांड कुठं हाय रं?" बुधाजीकाकाने विचारलं.

धर्माच्या एका हातात शिंग होतं, दुसऱ्या हातात चिखलाने भरलेलं लुगडं. "खांड न्हाय काका. मी शिकत व्हतो."

"शिकत व्हतास? उद्या खरंच पानी शिरलं, आनि लोक बोलले की धर्मा शिकत असंल, तर? समदी शेतं खारी होतील. पाच-सहा वर्सं दाना पिकनार न्हाय." बुधाजीकाकाचा आवाज चढला नाही, आणि त्यामुळेच तो जास्त लागला. "येत्या माघीला एकदा बगू. पालखी शिंगावर उठली तर ठीक, न्हाय तर शिंग सदाच्या घरी जाईल."

सदा हा बुधाजीकाकाचा पुतण्या. त्यालाही काही वाजवता येत नव्हतं. पण त्याची छाती रुंद होती आणि गावाची समजूत होती की शिंग छातीने वाजतं.

त्या दिवशी धर्माचा आत्मविश्वास, जो आधीच बेताचा होता, तो पार आटला. शिंग गेलं तर बापाचं घरातलं शेवटचं काही जाणार होतं. बाप फुंकायचा तेव्हा पोरगा धर्मा त्याच्या पायाशी उभा असायचा, आणि सूर लागला की बाप खाली त्याच्याकडे बघून भुवई उडवायचा. हे धर्माने फक्त ठमीला सांगितलं होतं. ठमीने ते आणखी एका माणसाला सांगितलं.

तो माणूस सिराजुद्दीन तांडेल. रेवसच्या बाजूचा मुसलमान दर्यावर्दी; त्याचा मचवा आमच्या गावचं मीठ मुंबईला न्यायचा. ठमी डोक्यावरून मिठाच्या पाट्या मचव्यात टाकायची, आणि पाटी टाकता टाकता बोलायची. सिराजुद्दीनने सगळं ऐकून घेतलं आणि फळीखालून म्हशीचं एक काळं, गुळगुळीत शिंग काढलं. धुक्यात दुसरी होडी अंगावर येऊ नये म्हणून तो ते फुंकायचा. त्याने गाल न फुगवता, सहज बसल्या बसल्या फुंकलं. लांब, सपाट, भरीव असा सूर निघाला आणि खाडीपलीकडे जाऊन पोचला.

"तुज्या घोवाला सांग, माज्याबरोबर मुंबईला चल," तो म्हणाला. "दर्यात हवं तेवढं फुंकू दे."

धर्मा कायद्याला घाबरला. त्याला समजावताना ठमी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "गावात फुंकाचं न्हाय, येवडंच ना? मुंबईचा दर्या काय बुधाजीकाकाचा हाय?"

 मिठाच्या राशीत शिंग लपवून धर्मा मचव्यावर चढला.

पहिल्या खेपेला सिराजुद्दीनने त्याला शिंग काढूच दिलं नाही. "आधी नुसती व्होटं वाजव," तो म्हणाला. "व्होटं मिट, कोपरे आवळ, मधून हवा सोड. फुर्र."

"ह्ये तर घोडं करतंय, चाचा."

"मग घोड्याकडनं शिक."

धर्माचे ओठ वाजेनात. मिठागरात राहून ते फुटले होते. उन्हाने आणि खारट वाऱ्याने भेगा पडलेल्या, आणि धर्माला त्यांच्यावरून सारखी जीभ फिरवायची सवय. जीभ फिरवली की ओठ आणखी सुकायचे. सिराजुद्दीनने त्याला ही सवय सोडायला लावली, रोज खोबरेल लावायला सांगितलं. मिठागरातल्या लोकांनी हे पाहिलं आणि धर्मा नटायला लागला अशी आवई उठवली. धर्मा खाली मान घालून मीठ ओढायचा आणि ओढता ओढता फुर्र फुर्र करायचा. मग नटण्याच्या जोडीला त्याला वेडही लागलं असं ठरलं.

पुढच्या खेपेला शिंग हातात आलं. मुंबईच्या वाटेवर किनारा मागे पडला की सिराजुद्दीन सुकाणू दुसऱ्या खलाशाकडे द्यायचा आणि धर्मासमोर येऊन बसायचा.

"गाल कशाला फुगवतोस? ती काय पखाल हाय? दम पोटात ठेव. आनि जोर नको लावू. आधी हळू बोलव त्याला. हळू बोलता आलं की ओरडता आपोआप येतं."

हळू फुंकणं धर्माला सगळ्यात अवघड गेलं. आयुष्यभर त्याने जड कामं बळाने केली होती. बळ न लावता काही होतं ह्यावर त्याचा विश्वासच नव्हता. पण एका सकाळी, बळ संपल्यामुळे म्हणा, त्याने उगाच सैल फुंकलं आणि शिंग बोललं. खालच्या पट्टीत, नीट, न थरथरता. पितळ त्याच्या तळहातात कापत होतं. धर्माने शिंग खाली घेतलं, आत वाकून पाहिलं, आणि त्याला हसूच आवरेना. सिराजुद्दीनही हसला. "मासा लागला," तो म्हणाला. "आता सोडू नको."

पावसाळ्यात मचवा किनाऱ्याला ओढला गेला. धर्माने ते महिने पपईच्या देठावर काढले. पोकळ देठ तोंडात धरून तो पडवीत बसायचा आणि एकच सूर लांबवायचा. सूर मधेच हलला की पुन्हा पहिल्यापासून. पाऊस एवढा की शेजारच्याला ऐकू जात नव्हतं. ठमी चुलीपाशी बसून ऐकायची आणि सूर मोडला की तवा उलथन्याने वाजवायची. त्या दोघांची ती जुगलबंदी बघण्यासारखी होती.

दिवाळीनंतर मचवा पुन्हा पाण्यात उतरला तेव्हा धर्माचा सूर काठापासून काठापर्यंत सारखा लागत होता. पण एक घोळ राहिला. खलाशी आपापल्या कामात असले की धर्मा उत्तम फुंकायचा. एखादा जण हातातला दोर सोडून कौतुकाने बघायला लागला, की ओठ सुकायचे, गाल फुगायचे आणि पुन्हा तीच म्हैस.

"तू कुनासाठी फुंकतोस?" सिराजुद्दीनने विचारलं.

"देवीसाठी."

"झूट. लोकांनी हसू नये म्हनून फुंकतोस."

 ते खरं होतं आणि ते ऐकून धर्माला वाईट वाटलं.

सिराजुद्दीनने मग आवाज खाली आणला. "हे बघ, धुक्यात मला कोन बघतो? कुनी नाय. कुठंतरी एखादा वाट चुकलेला असतो, त्याला मी इथं हाय हे कळावं म्हनून फुंकायचं. त्याची हाक आली की जवाब द्यायचा, हा दर्याचा कायदा. जवाब देताना मानूस लाजत नाय बेटा. लाजायला टाइम कुठं असतो?"

त्याने धर्माला छोट्या होडीत बसवून मागे सोडलं. दोर लांब होत गेला. मचव्यावरून म्हशीच्या शिंगाची हाक यायची, होडीतून धर्मा जवाब द्यायचा. बाकीच्या खलाशांनाही ह्या खेळाची गोडी लागली. होडीत धर्माकडे बघणारं कुणी नसे, आणि एकही सूर मोडत नसे. पण गाव म्हणजे होडी नव्हे, हे त्याला कळत होतं.

माघी जवळ आली. मचवा मीठ घेऊन निघाला तेव्हा धर्मा बांधावर उभा होता. "चाचा, जत्रेला येताव ना?"

"वारा देईल तसं," सिराजुद्दीन म्हणाला. "इन्शाल्ला."

पौर्णिमेची सकाळ उजाडली तीच धुक्यात. देवळासमोरची खाडी दिसत नव्हती, समोरची माणसं कंबरेपासून वर दिसत होती. धर्माने नवं धोतर नेसलं होतं. मचवा आला नसल्याचं त्याने आदल्या संध्याकाळी बंदरावर जाऊन पाहिलं होतं. बुधाजीकाका पालखीशेजारी उभा राहिला. त्याच्या मागे सदा. सदा बिचारा सारखा पायाकडे बघत होता. त्याला शिंग नको होतं, पण हे काकाला सांगायची त्याचीही छाती नव्हती.

"चल धर्मा," बुधाजीकाका म्हणाला.

 धर्माने ओठांवर जीभ फिरवली, आणि फिरवताच त्याला कळलं की चुकलं. त्याने फुंकलं. सूर निघाला, चढला आणि मधेच फाटला.

एक पोरगं फिदीफिदी हसलं. कुणी तरी "आयलं रं आयलं, रेडकू आयलं" म्हणालं. केसरने पदर तोंडाला लावला. धर्माने शिंग खाली घेतलं. बुधाजीकाकाने हात पुढे केला, शिंग घेण्यासाठी. म्हातारा काही दुष्ट नव्हता. त्यालाही वाईट वाटत होतं, पण शब्द दिला होता.

धर्मा शिंग देणारच होता. तेवढ्यात खाडीवरून, धुक्याच्या आतून, हाक आली. लांब, सपाट, भरीव.

गावाला ती नुसता आवाज वाटली. धर्माला ती कळली. सिराजुद्दीन धुक्यात वाट चुकलाय. खाडीचं तोंड शोधतोय. धर्माने पालखीकडे पाठ केली, खाडीकडे वळला, पोटात दम भरला आणि जवाब दिला.

तो सूर निघाला तो कुठे हलला नाही. देवळाच्या पायऱ्या उतरला, बांध ओलांडला आणि धुक्यात शिरला. तो संपला तेव्हा कुणी हसत नव्हतं. खाडीतून पुन्हा हाक आली. धर्माने पुन्हा जवाब दिला, ह्या वेळी आणखी लांब, शेवटाला चढवून, बाप चढवायचा तसा. ठमी रडत होती, आणि आपण रडतोय हे कुणी पाहील याची तिला पर्वा नव्हती. तिसऱ्या जवाबाला पालखी उठली. कुणी सांगितलं नाही. धरलेल्या माणसांचे खांदे आपोआप वर गेले. बुधाजीकाकाचा पुढे केलेला हात तसाच राहिला होता. त्याला दुसरा हात जोडून म्हाताऱ्याने देवीला नमस्कार केला.

पालखी घरोघर फिरली आणि धर्मा दर दाराशी फुंकत गेला. आता हाक येत नव्हती, तरी सूर लागत होता. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा अर्धं गाव फिरून झालं होतं. बुधाजीकाकाच्या दाराशी म्हाताऱ्याने त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "आनि खांडीला कसं फुंकशील?"

"ती हाक आखूड मारीन काका, एकावर एक. येवडी लांब नसंल."

"हं," बुधाजीकाका म्हणाला. शिंगाचा विषय तिथे मिटला, आणि ही खूण त्या दिवशी गावभर झाली.

ऊन वर आलं आणि धुकं फाटलं. धर्मा बांधावर धावत गेला. खाडी पार ओहोटलेली होती. आणि तिवरांच्या आडोशाला, चिखलात एका कुशीवर कलून, सिराजुद्दीनचा मचवा निवांत बसला होता. नांगराचा दोर चिखलात सैल पडला होता. म्हणजे तो मध्यरात्रीच्या भरतीला आत आला होता, नांगर टाकून होता आणि पाणी उतरल्यापासून जागचा हललेला नव्हता. सकाळी खाडीत तरायला पाणीच नव्हतं, तर वाट चुकेल कोण? पुन्हा एकदा सगळ्या गावाने, धर्मासकट, ओहोटीकडे बघितलंच नव्हतं.

सिराजुद्दीन फळीवर बसून चहा पीत होता. धर्मा गुडघाभर चिखल तुडवत त्याच्यापर्यंत गेला.

"चाचा, वाट चुकलेलाव?"

"व्हय तर."

"ओहोटीत?"

सिराजुद्दीनने मचव्याखालच्या चिखलाकडे पहिल्यांदाच बघतोय असं पाहिलं. "अरे," तो म्हणाला, "पानी गेलं वाटतं."

धर्माला हसावं की रडावं कळेना. शेवटी त्याने दोन्ही केलं. "पयला सूर तर मोडलाच माजा," तो डोळे पुसत म्हणाला.

"मोडला. मग? मी नुसती हाक मारली. जवाब कुनाचा होता?" सिराजुद्दीनने उरलेला चहा त्याच्यापुढे धरला. धर्मा तो चहा पिताना मनात म्हणाला की बापाने भुवई उडवली असती ती आत्ता.

जत्रेनंतर काही दिवसांनी मचवा मिठाने भरला आणि दुपारच्या भरतीला निघाला. भरती पुरी झाली होती, पाणी बांधाला टेकलं होतं. धर्मा आणि ठमी बांधावर उभे राहून बघत होते. शीड लहान होत गेलं.

"फुंका," ठमी म्हणाली.

"खुळी झालीस का? जत्रा न्हाय, खांड न्हाय. लोक धावतील."

"फुंका बोलते ना."

धर्माने शिंग उचललं. पोटात दम घेतला, ओठांचे कोपरे आवळले आणि एकच सूर सोडला, लांब, सपाट, घाई नसलेला. दूरवरून म्हशीच्या शिंगाने जवाब दिला. मग धर्मा भीतभीत गावाकडे वळला.

मिठागरात माणसांचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू झाले. केसरने दारातून डोकं काढलं, ऐकलं आणि भाकरी उलटायला आत गेली. कुणी पाटीला हात लावला नाही. बुधाजीकाका अर्ध्या गालाला साबण लावून न्हाव्यापुढे बसला होता. न्हाव्याने वस्तरा वर उचलला आणि विचारलं, "काका, धावायचं?"

म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि हनुवटी पुन्हा वर केली.

"चालू दे तुजं," तो म्हणाला. "धर्मा हाय."